आढावमामांचं आमेन

प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं, हे आमच्या मंडळीतल्या तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पुढे उभा असलेला माणूस थांबला की सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं, डोळे उघडायचे आणि चहाच्या थर्मासकडे बघायला लागायचं. आढावमामा मात्र विचार करायचे. प्रार्थना ऐकून घ्यायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पटली तरच आमेन म्हणायचे. म्हणाले तर असं खणखणीत म्हणायचे, की पलीकडच्या हॉलमधली मल्याळी मंडळी गाणं थांबवून बघतील. नाही पटली तर ओठ मिटून बसायचे. मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आमेन म्हंजी तसं होऊ दे. तसं व्हावं आसं मला वाटतच नसंल, तर कशाला म्हनू?"

कतारमधल्या दोह्यातली आमची मराठी मंडळी म्हणजे जेमतेम पस्तीस-चाळीस डोकी. कुणी नगरकडचे, कुणी जालन्याचे, दोन-तीन घरं मिरज-कोल्हापूरची. इथे रविवार कामाचा, त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारी येतो. शहराच्या कडेला सगळ्या चर्चांना मिळून एक मोठं आवार आहे. बाहेरून बघितलं तर सरकारी गोदाम वाटावं. बॅगा तपासून आत गेलं की दहा भाषांतली गाणी एकदम कानावर येतात. त्यात एका मोठ्या मंडळीने आम्हाला पहिल्या मजल्यावरची एक खोली दिली होती, तीन ते साडेचार. चार पस्तीसला तेलुगू मंडळी दारात येऊन घसा साफ करायची.

मी या मंडळीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला माणसं ओळीत बसवायची खोड लागते, ती शुक्रवारी सुटत नाही. माझे यजमान म्हणतात, निर्मला स्वर्गात गेली तर देवदूतांची हजेरी घेईल.

आढावमामांचं पूर्ण नाव शांतवन आढाव. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याचे. इंडस्ट्रियल एरियात एका एसीच्या कंपनीत टेक्निशियन होते आणि तिथेच कंपनीच्या खोलीवर राहायचे. खोलीत सहा जण, दोन नेपाळी, तीन बंगाली आणि हे. आठवडाभर हिंदीत बोलायचं, ते जमेल तेवढं. मराठी फक्त शुक्रवारी. एखाद्याने सहा दिवसांचं तुंबलेलं मराठी शुक्रवारी भडाभडा ओतलं असतं. मामांना मात्र बोलायची सवयच राहिली नव्हती. उंच, काटकुळे, छपरांवर काम करून करून काळे पडलेले. शुक्रवारी पांढरा शर्ट, मनगटापर्यंत आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बोटांवर एसीच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. भेटल्यावर आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसासारखा हात कपाळाला लावून 'सलाम' म्हणायचे. हा सलाम आमच्या लोकांनी गावाकडून आणलेला, पण दारावरच्या सिक्युरिटीवाल्याला तो आपलाच वाटायचा आणि तो उठून जबाब द्यायचा.

कंपनीची बस त्यांना सकाळी दहाला शहरात सोडायची. उपासना तीनला. मधले पाच तास हा माणूस कुठे जातो, असा प्रश्न मला दोन वर्षं पडला नव्हता. एका शुक्रवारी कागद विसरले म्हणून मी बारा वाजताच आले, तर मामा खोलीत एकटे. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. स्टुलावर चढून ते एसीची जाळी काढत होते. ती त्यांनी मोरीत धुतली, शर्टाला थेंब न लागू देता, आणि उन्हात उभी करून तिच्याशेजारी स्वतः उभे राहिले. मला वाटलं होतं, आमच्या खोलीचा एसी मुळातच चांगला आहे.

"मामा, दर शुक्रवारी करता हे?"

"मग? जाळी धुवाय पायजे," ते म्हणाले. "लोक फोन करत्यात, बाहेर पन्नास डिग्री हाये म्हनून घर गार व्हईना. आता बाहेरचं ऊन का मी कमी करनार? आदी जाळी काडून बघा म्हनलं, तर राग येतो."

एवढं बोलून ते परत जाळीकडे बघत उभे राहिले. मला घरी जेवायला जायचं होतं. ओल्ड एअरपोर्ट भागात आमचं घर, जाऊन परत यायला वेळ होता. त्यांना चला म्हणावं असं मनात आलं आणि मी म्हटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

आमच्याकडे एक पद्धत होती, अजून आहे. बिस्किटांचा एक निळा गोल डबा, आखातातल्या प्रत्येक घरात ज्यात शेवटी सुईदोरा जातो, तसला. उपासनेच्या आधी ज्याने त्याने आपला प्रार्थनेचा विषय चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, नाव न घालता. शेवटी प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर त्या विषयासाठी प्रार्थना करायची. नाव नसलं तरी विषय कुणाचा ते कळायचंच. व्हिसा, प्रमोशन, मदिनत खलीफा भागात मोठं घर, मॅनेजरची बदली. विशेषतः मॅनेजरची बदली. आमच्या प्रार्थनांनी आखातातले किती मॅनेजर हलले असतील, देव जाणे.

प्रशांत नावाचा आयटीतला मुलगा होता. त्याच्या ड्रायव्हिंग टेस्टची चिठ्ठी पाच वेळा डब्यात पडली आणि पाचही वेळा तो नापास झाला. सहाव्यांदा ती मामांच्या हाती लागली. वाचून ते सरळ त्याच्याकडे गेले. नाव नसल्याचं नाटक त्यांना जमायचं नाही.

"पोलिसाचं मन बदल, आसं लिवलंय तुमी."

"मामा, तो मुद्दाम नापास करतो मला."

"करत आसंल. पन गाडी तो चालवतो का तुमी?" प्रशांत हसला. मामा हसले नाहीत. "तुमच्यात काय बदलायचं, ते लिवायचं राह्यलंय. मी ह्याच्यासाठी काय मागू?"

प्रशांतने चिडून चिठ्ठी परत घेतली आणि पेन काढून खाली लिहिलं, 'आणि मला हॉर्न कमी मारायची बुद्धी दे.' तेव्हा मात्र मामांचं आमेन अख्ख्या खोलीने ऐकलं. सहाव्यांदाही प्रशांत नापासच झाला. सातव्यांदा पास झाला. त्याचं श्रेय डब्याला द्यायचं की सरावाला, यावर आमच्यात एक शुक्रवार वाद झाला.

मलाही त्यांनी सोडलं नाही. नाताळच्या नाटिकेवरून माझं आणि रत्नमालाचं वाजलं होतं. रत्नमाला मंडळीतलीच, गाणी बसवणारी. नाटिका तिला बसवायची होती आणि मला तर हवीच होती. त्या शुक्रवारी शेवटची प्रार्थना माझ्याकडे होती. मी डोळे मिटले आणि गोड आवाजात म्हटलं, "हे प्रभू, आमच्यातल्या ज्यांना मोठेपणाची हाव सुटली आहे, त्यांना तू नम्र कर." सगळे आमेन म्हणाले. सर्वांत जोरात रत्नमाला म्हणाली, कारण तिला वाटलं मी माझ्याबद्दलच बोलतेय. मामा गप्प. खुर्च्या आठ-आठच्या थप्प्यांनी रचताना ते माझ्याजवळ आले.

"ताई, आज आमेन म्हनता नाय आलं."

"का बरं?"

"डोळं मिटून तुमी देवाशी बोलत नव्हता. त्या बाईंशी बोलत व्हता."

मला एवढा राग आला, की गाडीत बसल्यावर यजमानांना म्हटलं, लेबर कँपातल्या माणसाने आता आम्हाला प्रार्थना शिकवायची. खिडकीची काच खाली होती. मामा बाजूनेच बसच्या थांब्याकडे चालले होते. त्यांनी ऐकलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी नेहमीसारखाच सलाम केला, त्यामुळे मला जास्त त्रास झाला.

त्याच सुमाराला डब्यातून एक चिठ्ठी माझ्या हाती आली. बॉलपेन दाबून लिहिलेली, सुटी सुटी अक्षरं. 'त्याने फोन उचलला नाही तर मला त्याचा राग येऊ नये.' मला वाटलं, कुणातरी पोरीचं प्रकरण दिसतंय. मी हसले, घरी जाऊन यजमानांनाही सांगितलं. प्रार्थना बहुधा एकदा केली असेल.

मामांचा आणखी एक नेम होता. उपासना संपली की चहाचा कप घेऊन ते खाली पार्किंगच्या कठड्यावर जाऊन बसायचे. पावणेपाच वाजले की खिशातून फोन काढून एक नंबर लावायचे, साधा कॉल, चित्राबित्राचा नाही. फोन कानाला लावायचे आणि समोरच्या खजुराच्या झाडाकडे बघत राहायचे. बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. थोड्या वेळाने फोन खिशात जायचा, राहिलेला गार चहा ते एका घोटात प्यायचे आणि बसकडे निघायचे. आम्ही सगळे गाड्या काढताना हे बघायचो. काचेआडून हात हलवायचो.

मग आवाराच्या ऑफिसने सगळ्या मंडळ्यांकडून सभासदांची माहिती मागवली. मी फॉर्म वाटले. नाव, राहण्याचा पत्ता आणि काही बरंवाईट झालं तर गावाकडे कुणाला कळवायचं. मामांचा फॉर्म हातात आला आणि अक्षर बघून मी खालीच बसले. दाबून लिहिलेली, सुटी सुटी अक्षरं. आशिष शांतवन आढाव, मुलगा. पुण्याचा पत्ता, फोन नंबर.

नगरकडच्या एकांना विचारलं. ते म्हणाले, बायको वारली, एकच पोरगा, तो बापाशी वर्षानुवर्षं बोलत नाही, मोठा अधिकारी झालाय ना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असला देवमाणूस बाप आणि पोरगा फोन उचलत नाही! मला कामाला लागायला एवढं पुरलं. आधी चोवीस तासांची साखळी प्रार्थना लावली, एकेका घराला एकेक तास, विषय 'एका तरुणाचे कठीण मन'. मामांना सांगितलं नाही. त्यांनाही एक तास दिला होता. विषय वाचून ते म्हणाले, "कोन का आसंना, करतो." पहाटे चार ते पाच त्यांनी स्वतःच्या मुलासाठी प्रार्थना केली आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पुढच्या शुक्रवारी मामा कठड्यावर गेल्यावर मी सगळ्यांना थांबवलं आणि माझ्या फोनवर आशिषसाठी एक व्हॉइस मेसेज तयार केला. एकेकाने पुढे येऊन बोलायचं. "आशिष बाळा, बाप हा बाप असतो." "बेटा, तुझ्या वडिलांसारखा माणूस शोधून सापडणार नाही." "अरे, मायबापाला विसरून कुणाचं भलं झालंय?" रत्नमालाने दोन ओळी गाऊनही दाखवल्या. अकरा मिनिटांचा मेसेज झाला. फॉर्मवरचा नंबर काढून मी तो पाठवला. त्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटलं, की मी शिरा केला.

उत्तर रात्रीच्या जेवणाआधीच आलं. एकच ओळ. 'तुमच्या देवमाणसाला विचारा, माझ्या आईच्या मातीला मला का बोलावलं नाही.' मी काही लिहायच्या आत त्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकला होता.

पुढच्या शुक्रवारी मी मामांना काहीच सांगितलं नाही. वेळच नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. उपासना झाली. पावणेपाचला तेलुगू मंडळी आत येत होती, आम्ही थर्मास गोळा करत होतो, तेवढ्यात मामा जिना चढून वर आले. फोन हातात.

"वाजतच न्हाई," ते म्हणाले. "आजपत्तूर उचलत नव्हता, पन वाजायचा. आज लावल्या लावल्या तुटतोय. ताई, तुमाला काय ठावं हाये का?"

मी सांगितलं. साखळी, मेसेज, उत्तर, सगळं. मामांचा चेहरा बदलला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मानेच्या शिरा फुगल्या, उजवा हात वर गेला. पहिलीतल्या पोराने खांदे आवळून घ्यावेत तसे मी आवळले. हात खांद्याच्या उंचीवर थांबला. मामांनी त्या हाताकडे बघितलं. मग तो खाली घेतला, एक खुर्ची ओढली आणि बसले. तेलुगू मंडळी दारातच थबकली.

"ह्योच हात," ते म्हणाले. मग थांबून थांबून सांगत गेले.

"पोरगं पोटात व्हतं तवाच मी मंडळीसमोर बोललो, मुलगा झाला तर त्याला देवाच्या कामाला देईन, चर्चचा पाळक करीन. देवानं मागितलं नव्हतं. मलाच पाळकाचा बाप व्हायचं व्हतं. बारावी झाल्यावर तो म्हनला, मला न्हाई जायचं. मी त्याला चर्चच्या पायरीवर मारलं, सगळ्यांच्या देखत. घराचं दार बंद केलं. त्याची आई त्याला चोरून एसटी स्टँडावर भेटायची, डबा द्यायची. ती गेली तवा मी सुट्टीवर घरीच व्हतो. भाऊबंद म्हनले, पोराला फोन लावा. मी म्हनलो, ज्यानं देवाला न्हाई म्हनलं, त्याला कशाला? मातीला बोलावलं न्हाई मी त्याला. चार दिवसांनी दुसऱ्याकून कळलं पोराला."

मामांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला.

"आन् त्या टायमाला मी रोज गुडघ्यावर बसायचो. देवा, त्याचं मन बदल, त्याचं मन बदल. दोन वर्सं. सगळी मंडळी आमेन म्हनायची माझ्यासंगं. एक मानूस म्हनला नाय, आढाव, तुजं बघ की." ते उठले. "म्हनून मला आमेन म्हनायचं भ्या वाटतं, ताई. खलास. आता तर वाजतबी न्हाई."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

त्यानंतर दोन शुक्रवार मामा आले नाहीत. खुर्च्या कुणी मांडलेल्या नसायच्या आणि खोली गरम. मी फोन केला, उचलला नाही. प्रशांत आता गाडीवाला झाला होता, त्याला इंडस्ट्रियल एरियात पाठवलं. तो येऊन म्हणाला, मामा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, बरं नाही म्हणाले, डोकं दुखतंय. खोलीत बाकीचे पाच जण मोबाइलवर आपापल्या भाषेत बोलत होते. "निर्मलाताई, तिथे एवढी माणसं आहेत आणि मामांशी बोलायला कुणी नाही," तो म्हणाला. मी घरी बसून रडले. लेकीने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, आई?" तिला काय सांगणार? एका माणसाच्या आयुष्यात उरलेली एवढीशी गोष्ट, आठवड्यातून एकदा वाजणारी रिंग, ती मी हौसेने घालवली होती.

तिसऱ्या शुक्रवारी मी बारा वाजता गेले, डबा घेऊन. मामा स्टुलावर उभे होते.

"सलाम, ताई."

"सलाम, मामा." मी डब्याचं झाकण उघडून परत लावलं. त्यांनीच जाळी खाली ठेवली.

"राग आला व्हता तुमचा. लई आला व्हता. दोन शुक्रवार लागले."

"गेला का?"

त्यांनी विचार केला. "आजच्यापुरता गेलाय. पुडल्या शुक्रवारचं पुडल्या शुक्रवारी बघू."

मग आम्ही जेवलो. ओल्या खोबऱ्याची चटणी त्यांना फार आवडली. त्या दिवसापासून शुक्रवारचे मधले तास ते आमच्याकडे यायला लागले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी बोलावलं, ते दोनदा आले. सोफ्याच्या टोकावर बसले, लेकीने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना मान हलवली आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, "नको ताई, खुर्च्या राहत्यात." काही माणसांना एकटेपणाची अशी सवय होते, की आपण चार घटका दिलेली सोबत त्यांना पाहुण्याच्या कपड्यांसारखी टोचते.

पावणेपाचला फोन लावणं मात्र थांबलं नाही. कठड्यावर बसायचे, नंबर लावायचे, तो लगेच तुटायचा. एकदा मी शेजारी जाऊन बसले.

"वाजत नाही, मग कशाला लावता, मामा?"

"त्यानं उचलावा म्हनून नाय लावत आता. तुटला का माझ्या मनात काय येतं, ते बघतो. आदी यायचं, बापाचा फोन बंद करतो का रे! हल्ली तसं येत न्हाई." त्यांनी फोन खिशात ठेवला. "हल्ली येतं, जेवला आसंल का."

"मी काही करू का?" मी विचारलं. माझी खोड.

"तुमच्यापुरती त्याची माफी मागा. माझं नाव घालू नका त्यात. आन् काय मागू नका."

मी पत्र लिहायला बसले. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. पहिल्या खेपेला दोन पानं झाली, दुसऱ्या पानावर उपदेश सुरू झालेला. फाडलं. दुसऱ्या खेपेला शेवटी 'तरीपण' आलं. तिसऱ्या खेपेला मी माझाच चांगुलपणा सांगत होते. मला आयुष्यात इतकं कठीण काही लिहावं लागलेलं नाही. चौथ्या खेपेला चार ओळी उरल्या. आम्हाला काही माहीत नसताना आम्ही तुम्हाला शिकवायला आलो, आम्ही चुकलो, तुम्हाला आम्हाला माफ करावंसं वाटलं नाही तरी ते बरोबरच असेल, उत्तर देऊ नका. सुट्टीवर निघालेल्या एकीच्या हाती दिलं, पुण्यात पेटीत टाकायला. मामांनी ते वाचलं नाही. एवढंच विचारलं, "काय मागितलं न्हाई ना?" मी नाही म्हटलं. उत्तर आलं नाही.

पुढे सहा-सात महिन्यांत कंपनीने मामांना घरी पाठवायचं ठरवलं. साठी उलटली होती, छपरावर चढताना एकदा चक्करही आली होती. गावी जाणार, म्हणाले, पुण्याला नाही. "त्याचं घर त्याचं हाये." विमान शुक्रवारी संध्याकाळचं. उपासना अर्ध्यात सोडून प्रशांतने त्याच्या गाडीतून आम्हाला दोघांना विमानतळावर आणलं आणि हॉर्न न मारता पार्किंग शोधायला गेला. मामांकडे एक बॅग आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. इतक्या वर्षांचं सामान एका ट्रॉलीत मावून वर जागा उरली होती.

आपल्यात प्रवासाला निघालेल्या माणसासाठी प्रार्थना करून द्यायची रीत आहे. रांगेच्या दोरीपाशी आम्ही दोघं उभे राहिलो. मी डोळे मिटले. आशिषचं नाव ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. "प्रभू," मी म्हटलं, "मला गप्प बसायला शिकव." यापुढे मला काही सुचलंच नाही.

"आमेन!" मामा म्हणाले. शेजारच्या रांगेतलं एक कुटुंब दचकून बघायला लागलं. माझ्या प्रार्थनेला त्यांनी दिलेलं ते पहिलं आमेन.

ते रांगेत गेले. पुढे आठ-दहा माणसं होती. मी तिथेच उभी राहिले. पावणेपाच झाले, तसा त्यांचा हात खिशाकडे गेला. मला पाठच दिसत होती. फोन कानाशी गेला, नेहमीसारखा. मग मामा एकदम ताठ झाले. फोन कानापासून दूर धरून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, बोटाने काहीतरी केलं, आणि ट्रॉली वळवून, लोकांना "सॉरी, सॉरी" करत उलटे माझ्याकडे यायला लागले.

"वाजली," ते म्हणाले.

"काय?"

"रिंग. वाजली, ताई."

"मग? उचलला? काय म्हणाला?"

"दोनदा वाजू दिली. मग मीच कापला."

"मामा!" मी ओरडलेच. "अहो, का कापलात?"

"त्यानं आतून कडी काडलीय. मी लगीच दार ढकलायचं व्हय?"

मी काही बोलले नाही. नुकतंच मी तेच मागितलं होतं. मामांनी हात कपाळाला लावून सलाम केला आणि ट्रॉली फिरवली. त्यांची जागा गेली होती, ते शेवटी जाऊन उभे राहिले.

पुढे काय झालं, आशिषने नंतर फोन केला का, मला माहीत नाही. मामा गावाहून अधूनमधून फोन करतात, ऊन फार आहे म्हणतात, जाळी धुता का म्हणून विचारतात. मी धुते. बाकीचं मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी रांग संपेपर्यंत थांबले होते. पुढची माणसं सरकली तरी मामांचं लक्ष नव्हतं. मागच्या माणसाने त्यांच्या पायाला हलकेच ट्रॉली लावली, तेव्हा ते दोन पावलं पुढे गेले. पांढऱ्या शर्टाच्या खिशात फोन होता. खिशावर त्यांनी उजवा हात ठेवला होता, आणि काउंटरपर्यंत तो तसाच होता.